म्यूलची लाथ

माझ्या बापाला कामावरून काढलं त्या सकाळी मी तिथेच उभी होते आणि एक शब्द बोलले नाही. पुढचं सगळं त्या गप्प राहण्यातून झालं, म्हणून आधी तेच सांगते.

पपांचं नाव एमेरिक हुडाक. तरुणपणी कोळशाच्या खाणीत होते, तिथल्या सुरुंगांनी डावा कान गेला. मग पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या डोंगराळ गावाबाहेरच्या पार्कात सुतार म्हणून लागले, ते एकतीस वर्षं. त्यांच्याकडे एकच काम होतं, म्यूल सांभाळायचं. म्यूल म्हणजे आमचा लाकडी रोलर कोस्टर. पूर्वी खाणीत कोळशाच्या गाड्या ओढायला खेचरं असत, त्यांच्यावरून हे नाव. ते शोभायचंही, कारण म्यूल लाथ मारायची.

ती लाथ सातव्या चढावर बसायची. सहा चढउतार झाले की गाडी पाइनच्या गर्द झाडीत शिरायची. माणसांना वाटायचं, संपलं. कोणी केस सारखे करायचं, कोणी शेजारच्याशी बोलायला लागायचं. तेवढ्यात झाडांमागून एक ठेंगणा चढ यायचा, आणि त्याच्या माथ्यावर बूड सीटवरून उठायचं. दीड सेकंद. अंगाला वजनच नसायचं. पोटातून जी किंकाळी निघायची ती स्टेशनात पोचेपर्यंत हसू झालेली असायची.

मी एकोणीस वर्षांची असताना पपांच्या हाताखाली लागले. रोज सकाळी पार्क उघडण्याआधी आम्ही दोघं रुळावरून चालायचो, हातात हातोडा, खिशात रुळाचा कल राखायला ठोकायच्या लाकडी पाचरी. "वेगात काय आहे?" ते म्हणायचे. "वेग ट्रकलाही असतो. माणसाला भीती दाखवायची, मग ती विसरायला लावायची, आणि विसरला की उचलायचा. पण दुखवायचं नाही. दुखावलेला माणूस परत येत नाही." बाहेर पडायच्या वाटेवर ते दुपारी डबा खात बसायचे आणि लोकांच्या पायांकडे बघायचे. उजवीकडे वळले तर पार्कात, डावीकडे वळले तर पुन्हा रांगेत. डावीकडची जमीन इतकी तुडवलेली होती की तिथे गवताचं पातं उगवत नसे.

शहाऐंशी सालच्या एप्रिलात प्रेस्टन गेज मॅनेजर म्हणून आला. ऑगस्टमध्ये त्याने विमा कंपनीच्या माणसाला खूष करायला म्यूलवर बसवलं, स्वतः शेजारी बसला. "मागे टेकून बसा," असं पपांनी दोनदा सांगितलं होतं. सहाव्या उतारावर गेजचं पेन पडलं, ते उचलायला तो वाकला, आणि सातव्या चढावर हनुवटी समोरच्या दांडीवर आपटून त्याने जीभ चावून घेतली. पाहुण्यासमोर तोंडातून रक्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सगळ्या कामगारांना नाचाच्या मांडवात जमवलं. आम्ही चाळीसेक जण होतो.

"हुडाक, पुढे ये."

"काय?" पपांनी उजवा कान पुढे केला.

"पुढे ये म्हटलं!"

"काय?"

गेजने दोन्ही हातांचा कर्णा केला आणि तान्ह्या बाळाशी बोलावं तसं ओरडला, "पु-ढे ये, आ-जो-बा!" लोक हसले. ज्यांची मुलं पपांच्या मांडीवर खेळली होती तेही हसले. मग त्याने पपांना कमरेचा हत्यारांचा पट्टा सोडून टेबलावर ठेवायला लावला, डोक्यावरची पार्कची टोपीही. म्हणाला, "हा माणूस एकतीस वर्षं ती गाडी हातोडा आणि थुंकी लावून चालवत होता. आता पुरे." आणि पहारेकऱ्याबरोबर त्यांना मागच्या दाराने नाही, समोरच्या मोठ्या फाटकातून बाहेर काढलं. बाहेर शाळेची सहल रांगेत उभी होती. पपांचा डोक्यावरचा हात मला अजून दिसतो. टोपी नसल्याने तो नुसताच केसांवर फिरत होता.

दुपारी गेजने मला ऑफिसात बोलावलं. "मिला, तू त्याची मुलगी ना? रुळाची माहिती तुझ्याशिवाय कुणाला नाही. बापाची जागा घेतेस? पण त्याच्यासारखा हट्टीपणा चालणार नाही. सांगेन ते करायचं."

"सांगाल ते करीन," मी म्हटलं. तेव्हाच माझं ठरलं होतं.

पपांना सांगितलं तेव्हा ते स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. "त्याच्या हाताखाली?" एवढंच विचारलं. मग रेडिओ मोठा केला. त्यानंतर अकरा महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. रविवारी मी पिरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, घेऊन जायची, ते खायचे, भांडं धुऊन पायरीवर ठेवायचे. मी काय करणार आहे हे त्यांना सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर त्यांनी मला करू दिलं नसतं.

रूळ ढिला ठेवणं, बोल्ट सैल करणं असलं काही मी केलं नाही, हे आधीच सांगते. म्यूलवर लोकांची पोरं बसतात. मी याहून सोपं काम केलं. गेजने जे मागितलं ते सगळं दिलं.

ऑक्टोबरात पार्क बंद झालं आणि गेजचे हुकूम सुरू झाले. त्याला गुळगुळीत गाडी हवी होती. "कोणाचंही बूड सीटवरून उठता कामा नये," तो म्हणाला. पपा असते तर म्हणाले असते, मग घरी सोफ्यावर बसा की. मी म्हटलं, "बरोबर आहे साहेब. सातवा चढ सव्वा फूट खाली घेऊ या?"

"घे."

"त्याआधी एक ब्रेक बसवू या?"

"दोन बसव."

"नकाशावर सही करता? म्हणजे उद्या मला कोणी विचारायला नको."

त्याला सही करायला फार आवडायचं. नावाखाली लांबलचक रेघ ओढायचा. सगळा हिवाळा मी दोन मजुरांना घेऊन बर्फ झाडत फळ्या उखडल्या आणि नव्या ठोकल्या. तिसऱ्या वळणावरचा हिसका काढला. पाचव्या उताराच्या तळाचा खोलगटपणा भरून काढला. पपांनी एकतीस वर्षांत एकेक करून मारलेल्या पाचरी मी पटाशीने उपटून बादलीत टाकत होते, आणि प्रत्येक पाचरीला मनात गेजचं नाव घेत होते. हात गारठून फुटले होते, पण इतकं मन लावून मी आयुष्यात काम केलेलं नाही.

दहा कागद झाले. फेब्रुवारीत त्याने विचारलं, "आणखी काही राहिलं?"

इथे मी थांबायला हवं होतं. चढ परत उंच करता येतो, ब्रेक काढता येतात. पण माझं पोट भरलं नव्हतं. मी म्हटलं, "ती झाडं, साहेब. लोकांना पुढचं दिसत नाही म्हणून ते दचकतात. तोडली तर सगळं स्वच्छ दिसेल."

"हुशार आहेस," तो म्हणाला. "लिहून आण."

मी लिहिलं, त्याने सही केली. साठ वर्षांची पाइनची झाडं चार दिवसांत आडवी झाली.

सरकारी तपासनीस येऊन गेला. म्हणाला, इतका सुरक्षित कोस्टर अख्ख्या राज्यात नसेल. खरंच होतं ते.

मेच्या पहिल्या शनिवारी पार्क उघडलं. मालकीणबाई, मिसेस ऑगस्टा स्ट्रोल, हिवाळा फ्लोरिडात काढून परतल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. म्यूल त्यांच्या नवऱ्याने बांधलेली. हंगामाची पहिली फेरी त्यांची, शेवटच्या सीटवर, आणि लगेच दुसरीही त्यांचीच, असा रिवाज होता. गेजने वर्तमानपत्रवाले बोलावले होते.

गाडी परत आली. बाई उतरल्या. दुसऱ्या फेरीसाठी बसल्या नाहीत.

"कशी वाटली?" गेज हसत पुढे झाला. "लोण्यासारखी झाली ना?"

"मांडीवर पर्स होती माझ्या," बाई म्हणाल्या. "जागची हलली नाही."

गेजला ती तारीफ वाटली. त्याने ती वर्तमानपत्रवाल्यांना लिहून घ्यायलाही सांगितली.

बाईंनी त्याला चार जुलैपर्यंत मुदत दिली, ही गाडी चालते की नाही ते लोकच सांगतील म्हणाल्या. लोकांनी तोंडाने काहीच सांगितलं नाही. आले, बसले, उतरले, उजवीकडे वळले. जूनमध्ये डावीकडच्या वाटेवर गवत उगवलं. मी रोज सकाळी तिथे उभी राहून ते गवत बघायची आणि मला न्याहारी केल्यासारखं वाटायचं. गेज रांगेच्या तोंडाशी उभा राहून फुगे वाटायला लागला. फुगे घेऊन पोरं झोपाळ्यांकडे पळायची.

चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीला, पार्कात माणसांचा पूर होता आणि म्यूल तीन-तीन माणसं घेऊन फिरत होती. मिसेस स्ट्रोल बाहेरच्या वाटेवर छत्री घेऊन तासभर उभ्या राहिल्या. मग आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं.

"हिने केलं!" गेजने मला बोलूच दिलं नाही. "सुतार ही, मी नाही. बापाचा डूख धरून मुद्दाम बिघडवलं हिने. त्या बहिऱ्या म्हाताऱ्याची मुलगी आहे ही!"

मी अकरा कागद टेबलावर ठेवले. बाईंनी चष्मा लावला. एकेक कागद उलटत गेल्या. प्रत्येकावर ती लांबलचक रेघ होती. गेजच्या वरच्या ओठावर घाम फुटला, आणि तो ओघळून तोंडात गेला तरी त्याला पुसायचं सुचलं नाही. ते मी डोळे भरून पाहिलं.

"मिस्टर गेज, तुमचं सामान उचला," बाई म्हणाल्या.

"बाई, एक मागू?" मी म्हटलं. "मोठ्या फाटकातून जाऊ द्या त्यांना."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "जाऊ दे त्याला तिथूनच," म्हणाल्या.

खोका छातीशी धरून तो गर्दीतून निघाला. बँड वाजत होता, पोरं त्याच्या पायात येत होती. फाटक मी स्वतः उघडलं. माझ्याजवळ येऊन तो थांबला आणि दातओठ खात म्हणाला, "काय मिळालं तुला हे करून?"

मी हात कानामागे धरला. "काय?"

"म्हटलं, काय मिळालं तुला?"

"काय? मो-ठ्याने बोला, साहेब!"

तिकिटाच्या रांगेतले लोक हसायला लागले. त्याचे कान लाल झाले. तो गेला. त्या क्षणाची गोडी मी अजून विसरलेले नाही, आणि विसरायची इच्छाही नाही.

परत ऑफिसात गेले तर अकरावा कागद बाईंच्या हातात होता. "दहा हुकूम त्याचे," त्या म्हणाल्या. "हा तुझ्या अक्षरात आहे. झाडं माझ्या नवऱ्याने लावली होती, मिला."

बाईंनी कागदाची घडी करून तो खणात टाकला.

"तुला काढत नाही मी. काढलं तर तू सुटशील. जे उखडलंस ते सगळं बसव."

त्या संध्याकाळी मी पपांकडे धावतच गेले. सगळं सांगितलं, फाटकापर्यंत. वाटलं, हसतील, जवळ घेतील. ते ऐकत राहिले. मग अकरा महिन्यांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"झाडं कोणी सांगितली?"

"मी."

"त्याने मला मारलं," पपा म्हणाले. "तू म्यूलला मारलंस. तिने काय केलं होतं?"

"तुमच्यासाठी केलं, पपा!"

"माझ्यासाठी त्या सकाळी मांडवात तोंड उघडायचं होतंस. तेवढ्याने झालं असतं."

मी पिरोगीचं भांडं तसंच ठेवून निघून आले.

पुढच्या हिवाळ्यात सगळं पुन्हा केलं. चढ उंच केला, ब्रेक काढले, पण लाथ काही येईना. वाळूची पोती सीटवर ठेवून गाडी सोडायची, पोती हलायचीच नाहीत. मोजमाप बरोबर होतं, मग चूक कुठे होती ते मला कळत नव्हतं. मार्चमध्ये मिसेस स्ट्रोल स्वतः पपांच्या घरी गेल्या. काय बोलणं झालं माहीत नाही. दुसऱ्या सकाळी पपा पार्कात आले, मोठ्या फाटकातून, डोक्यावर घरची लोकरीची टोपी. मला नमस्कार-चमत्कार काही नाही. रुळावर चढले आणि चालायला लागले. मध्येच थांबून टाच आपटायचे. "इथे," म्हणायचे. मी पाचर मारायची. असे पाच दिवस. पाचव्या दिवशी सातव्या चढावरून वाळूचं पोतं उडून खाली पडलं.

तोडलेल्या झाडांच्या जागी आम्ही फळ्यांचा काळा बोगदा बांधला, म्हणजे पुढचं दिसू नये. लोकांना तो आवडला. जूनपर्यंत डावीकडच्या वाटेवरचं गवत पुन्हा तुडवलं गेलं. पपा मात्र म्हणाले, "बोगदा बघितला की माणूस सावध होतो. झाडांना कोणी घाबरत नव्हतं." ते खरं होतं. म्यूल पुन्हा चांगली झाली, पण पहिल्यासारखी नाही, आणि हे आम्हा तिघांना ठाऊक होतं.

पपा हळूहळू बोलायला लागले. आधी हवापाण्याचं, मग जेवणाचं. त्या वर्षाबद्दल कधीच नाही. त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. बोगद्याच्या दोन्ही बाजूंना मिसेस स्ट्रोलनी पाइनची नवी रोपं लावून घेतली होती. ती माझ्या डोक्याच्या वर गेली आहेत, पण बोगदा काढण्याइतकी नाहीत. हंगामाआधी मी त्यांच्या बुंध्याशी पाणी घालते. घालताना गेजचं तोंड आठवतं, तो ओघळणारा घाम आठवतो, आणि बादली हातात असतानाच मला हसू येतं.