मापासाठी उभा माणूस

बाहेरून आलेलं चित्र कॉम्प्युटरवरच्या स्केचमध्ये बसवणं आणि जावयाला सासरी बसवणं, यांत फारसा फरक नाही. दोघंही आधी भलत्याच कोपऱ्यात येऊन पडतात, तेही तिरपे. मग एक बिंदू पक्का करायचा, त्याभोवती फिरवून सरळ करायचं आणि शेवटी मापात आणायचं. माझ्या बाबतीत सासरी हे शेवटचं काम अजून चालू आहे.

माझा कपाटं बनवायचा छोटा कारखाना आहे. बायकोच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईंनी, परगावी घर घेतलं. तिथे दोन खांबांमधल्या जागेत नेमकं बसेल असं कपाट त्यांना हवं होतं. सासरकडून आलेलं हे माझं पहिलं काम. सासरे निवृत्त ड्राफ्ट्समन. त्यांनी ताईंकडे मुक्काम ठोकून त्या भिंतीचं चित्र हाताने काढलं. काढलं सुरेखच, फक्त त्यावर एकही आकडा लिहिला नाही. "चित्र प्रमाणात आहे. पट्टी लावा, कळेल." पुढे ताईंनी ते दुकानात स्कॅन करायला दिलं, दुकानदाराने कागदावर मावेना म्हणून लहान केलं आणि प्रमाणाची वाट लागली.

काम सुरू व्हायच्या दिवशी सासरे आणि सासूबाई सकाळीच कारखान्यात हजर. सुताराने प्लायवूड मशिनवर चढवून ठेवलं होतं. मी चित्र कॉम्प्युटरवर आत घेतलं, डाव्या खांबाचा खालचा कोपरा शून्यावर आणून टेकवला, फरशीची रेघ आडवी केली.

"बाबा, आता एक खरं माप हवं. चित्रातल्या कुठल्याही एका गोष्टीचं. बाकी सगळं त्या हिशोबाने येतं."

"हा काय उभा आहे!" त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. जागेचा अंदाज यावा म्हणून ड्राफ्ट्समन चित्रात एक माणूस उभा करतात. खांबाशेजारी तसा एक उभा होता, खिळ्यासारखा ताठ. "हा मी. पाच फूट दहा इंच."

सासूबाई पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या.

सासऱ्यांची उंची पाच-दहा आहे, ही आमच्या घरात मोजलेली गोष्ट नाही, मानलेली आहे. मी पाच फूट आठ. त्यांच्याशी बोलताना मी मान खाली घालतो, ती आदराने, असा सगळ्यांचा समज आहे.

मी पाच-दहा घातलं. खांबांमधली जागा आली चार फूट दोन इंचांच्या किंचित वर. आणि माझ्या फोनमध्ये ताईंचा निरोप होता: 'दार लावून शिवणाच्या टेपने मोजलं. बरोब्बर चार फूट. बाबांना सांगू नका, माझ्या चित्रावर विश्वास नाही म्हणत महिनाभर जेवणार नाहीत.'

चार फुटांच्या जागेत चार फूट दोन इंचांचं कपाट घालायचं, तर एक खांब पाडावा लागला असता. किंवा सासरे.

"बाबा, जागा जरा मोठी वाटतेय."

"जागा मोठीच आहे."

"म्हणजे... मापाचं दुसरं काही आहे का चित्रात? एखादी फरशी, एखादी खिडकी?"

"का? माझ्यात काय वाईट आहे?"

"तसं नाही..."

"तसंच आहे. स्पष्ट बोला, जावईबापू. चित्र चुकलंय की मी?"

सुतार उगाचच मशिन पुसायला लागला. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी पर्स मिटली.

"अहो, कपाट आत गेलं नाही ना, तर थोरली चार लोकांत विचारील, चित्र कुणी काढलं होतं. तुमची उंची कुणी विचारणार नाही."

सासरे खुर्चीतून उठले, पडद्याजवळ गेले आणि स्वतःकडे बराच वेळ बघत राहिले. एका बाजूला उभ्या जन्माची उंची, दुसऱ्या बाजूला उभ्या जन्माचं काम. त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल खरोखर आदर वाटला आणि मान आपोआप खाली गेली.

"चित्र चुकणं शक्य नाही," ते शेवटी म्हणाले. "मी यात वाकलोय."

"पण हा तर ताठ उभा..."

"समोरून कसं दिसणार? भिंतीकडे वाकलोय. खालचा कोपरा बघत होतो. तुम्हाला चित्र वाचता येत नाही, हे मी हिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"हो बाबा. किती वाकला होतात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"तुम्हाला किती लागतंय?"

मनातल्या मनात हिशोब केला. "तीन इंच."

"मग तीनच."

मी पाच फूट सात घातलं. सगळं चित्र एकदम आवळलं आणि खांबांमध्ये चार फूट उतरले, केसभरही इकडेतिकडे नाही. सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला.

"बघा! हाताने काढलेलं आहे. कापा."

सुताराने मशिन चालू केलं. त्या आवाजात सासूबाई माझ्याजवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "लग्नाच्या फोटोतही असेच वाकलेत हो. मला वाटायचं, लाजले."