हौदाचा तळ

पंपाने शेवटचं पाणी ओढलं, गुळणी केल्यासारखा आवाज केला आणि नुसताच चिखल चोखू लागला. राखणदाराने तो बंद केला. वरच्या कालव्यातून खालच्या कालव्यात बोटी उतरवणारा हा दगडी हौद, पणजोबांच्या काळी बांधल्यापासून पहिल्यांदाच कोरडा पडत होता. जुनी लाकडी दारं कुजली होती. नवी बसवायची होती.

काठावर त्याची वहिनी सकाळपासून उभी होती. ‘बसा’ म्हणून सांगून तो थकला होता.

तिचा नवरा, म्हणजे राखणदाराचा थोरला भाऊ, त्याच्याआधी हेच काम करायचा. एका संध्याकाळी झडप उघडायला म्हणून गेला, तो गेलाच. गळ टाकून शोधलं, पण गाळ फार खोल होता. बुडाला, असं घरच्यांनी धरलं. बोटीवरच्या कुठल्याशा बाईबरोबर निघून गेला, असं लोक म्हणाले. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? वहिनीने मुलीला वाढवलं ते ‘तुझे बाबा पाण्यात गेले’ एवढ्या एका वाक्यावर.

गडी शिडीने उतरून गाळ उपसू लागले. एक बूट वर आला, तशी ती पुढे झाली.

“दादाचा?” राखणदाराने विचारलं.

“नाही. यांचा पाय एवढा मोठा नव्हता.”

मग किटली निघाली, सायकलचं चाक निघालं. दुपारी तळाच्या फळ्या लागल्या, अजून घट्ट बसलेल्या. भिंतीच्या पायथ्याशी पाथरवटांनी कोरलेल्या खुणा उघड्या पडल्या. गवंडी कौतुकाने त्यांवरून हात फिरवत राहिला. राखणदाराचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याने स्वतः खराटा घेतला आणि कोपरा न् कोपरा पुन्हा झाडून काढला.

खराटा खालीच टाकून तो शिडीने वर आला.

“वहिनी, खाली तसलं काही नाही. बरंच झालं म्हणायचं. दादा असेल कुठेतरी.”

“हो. असतील.”

ती मटकन दगडावर बसली, तेव्हा आपण काय बोलून गेलो ते त्याला कळलं. सकाळी घरून निघालेली विधवा या वयात टाकलेली बाई झाली होती.

तिने रिकाम्या हौदात वाकून पाहिलं.

“भाऊजी, पाणी कधी सोडणार?”

“दारं बसली की. महिनाभर तरी जाईल.”

“तोवर पोरीला इकडे फिरकू देऊ नका.”