तिसरी खूण

आमचा बेसबॉलचा संघ हरला तो एका चेंडूवर, आणि तो चेंडू लेओच्या हातून सुटला हे सगळ्या बाराओना गावानं बघितलं.

उपांत्य फेरीचा शेवटचा सामना होता. रविवारची दुपार, आमचंच मैदान, समुद्राकडून वारा. शेवटची इनिंग चालू होती आणि आम्ही एका धावेनं पुढे. समोरच्यांचे दोन गडी बाद झाले होते, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर त्यांची माणसं टपून उभी होती. चेंडू दारिएलच्या हातात. शेवटी येऊन आघाडी राखायला, सामना मिटवायला त्याच्यासारखा पिचर अख्ख्या देशात नव्हता. फलंदाजाच्या मागं तोंडावर जाळी चढवून उकिडवा बसला होता आमचा कॅचर, लेओकादिओ फेलिस. वय सदतीस, दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रियेचे व्रण. मी पिचरांचा प्रशिक्षक, चागो. मी बाकावरून उठून कठड्याला धरून उभा होतो.

कोणता चेंडू टाकायचा ते सांगायला लेओनं मांड्यांच्या मधे बोटांनी खुणा केल्या. दारिएलनं मान हलवली. चेंडू सुटला, लेओच्या हातमोज्याच्या कडेला चाटून गेला आणि थेट मागच्या भिंतीवर आदळला. लेओ वळून धावला, त्याचा गुडघा मुडपला, तो पडला. उठून चेंडू हातात घेईपर्यंत त्यांचे दोघंही होम बेसवर पोचले होते, दोन धावा झाल्या होत्या. आमची फलंदाजीची पाळी उरली होती, पण तिघं आले तसे परत गेले. हंगाम संपला.

"चाळणी! चाळणी!" एका कोपऱ्यातून आवाज सुरू झाला आणि मैदानभर पसरला.

आत, कपडे बदलायच्या खोलीत, लेओ छातीवरचं चिलखत न काढताच बसून होता. रेडिओवाल्यानं माईक पुढे केला. "काय झालं, लेओ?"

"हातून सुटला."

"गुडघा दगा देतोय का?"

"सुटला म्हटलं ना!"

दारिएल न्हाणीघरात होता. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. तो बाहेर आला तेव्हा लेओ निघून गेला होता.

फाटकाबाहेर लोकांनी लेओची गाडी अडवली. मी त्याच्या शेजारी बसलेलो. कुणी बॉनेटवर थापा मारल्या, कुणी बियरचा ग्लास काचेवर रिकामा केला. तळलेली केळी विकणारी लुर्देस, जी त्याला रोज "माझं सोनं" म्हणायची, ती खिडकीशी वाकून म्हणाली, "किती घेतलेस रे त्यांच्याकडून?" लेओनं समोर बघत गाडी हळूहळू पुढे काढली.

त्याच आठवड्यात ईवेलिस बाईंनी बैठक बोलावली. बाई संघाच्या सर्वेसर्वा. कोण ठेवायचा, कोण सोडायचा, कोण आणायचा, शेवटचा शब्द त्यांचा. मैदानामागच्या खोलीत बाई, मॅनेजर कुएवास आणि मी असे तिघंच होतो.

"रडून झालं असेल तर कामाला लागू," बाई म्हणाल्या. "डावखुरा पिचर हवा. तिसऱ्या बेसला कुणीतरी हवा, आताच्याला चेंडू दिसेपर्यंत तो पुढे गेलेला असतो. आणि कॅचर हवा."

"कॅचर आहे," मी म्हणालो.

"चागो, या हंगामात लेओच्या नाकासमोर किती जणांनी पिचर चेंडू टाकत असताना पळून पुढचा बेस चोरला, बघितलंस ना? तो उठून फेकेपर्यंत समोरचा कपडे झटकत उभा असतो."

कुएवासनं पुस्ती जोडली, "उत्तरेकडचा संघ त्यांच्या रोनिएलला द्यायला तयार आहे. चोवीस वर्षांचा. हात म्हणजे गोफण."

"आणि गावात लोक लेओचं नाव घेऊन थुंकतायत," बाई म्हणाल्या. "मालकांचा रोज फोन येतोय."

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. दारिएल. त्यांनी तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"बाई, तुम्ही लेओला काढणार असं ऐकलं."

"तू तुझं बघ, बाळा. तुझा करार मी..."

"माझं हेच आहे. लेओ असेल तर मी आहे. नाहीतर मला दोन संघ बोलावतायत, तुम्हाला माहितीये."

फोन बंद झाला. कुएवासनं शिवी हासडली. बाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. बाकी सगळं आणता आलं असतं, दुसरा दारिएल आणता आला नसता.

"जा," त्या शेवटी माझ्याकडे न बघताच म्हणाल्या. "लेओला सांग, अजून एक वर्ष."

मी मोटरसायकलवरून तडक त्याच्या घरी गेलो. लेओ परसात खुर्चीवर, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. त्याची बायको नुरिस चुलीपाशी उभी राहून तांदूळ निवडत होती, पण तिचं लक्ष आमच्याकडेच होतं. मी बातमी सांगितली. नुरिसनं देवाचं नाव घेतलं. लेओचा चेहरा मात्र हलला नाही.

"बाई स्वतःहून म्हणाल्या?"

खोटं बोलायला हवं होतं, जमलं नाही. "दारिएलनं अट घातली. तू नाही तर तो नाही."

लेओनं बर्फाची पिशवी भिंतीवर भिरकावली. "मोटरसायकल काढ."

"अरे, पण झालं काय?"

"काढ म्हणतो ना!"

दारिएल घरासमोर बदामाच्या झाडाखाली दोन मामांबरोबर डॉमिनो खेळत होता. आम्हाला बघून तो हसला, मग लेओचा चेहरा बघून हसू थांबलं.

"ये म्हाताऱ्या, बस. काही घेणार?"

"खूण कुठली होती?"

मामांनी सोंगट्या टेबलावर ठेवल्या.

"कसली खूण? जाऊ दे ना आता..."

"दुसऱ्या बेसवर माणूस. तो माझी बोटं वाचणार, म्हणून पहिल्या दोन खुणा खोट्या आणि तिसरी खरी. जानेवारीभर असंच चाललं होतं आपलं. तिसरी कुठली होती, दारिएल?"

दारिएल जमिनीकडे बघत म्हणाला, "वळणारा. खाली, बाहेर."

"आणि तू काय टाकलंस?"

दारिएल एक सोंगटी उलटसुलट करत राहिला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मीही इतके दिवस गुडघ्यालाच दोष देत होतो. लेओ खाली बाहेरच्या बाजूला हातमोजा नेऊन बसला होता आणि चेंडू आला होता तुफान वेगानं, वर, आतल्या बाजूला. कडेला लागला हेच नवल.

"गोंधळ झाला माझा," दारिएल पुटपुटला. "एवढा आवाज होता. पहिलीच खूण डोक्यात बसली. पण मी तुझ्यासाठी केलं ना काहीतरी? तुझी जागा पक्की केली."

"माझी जागा देणारा तू कोण रे?"

"मग काय करू? सांगू सगळ्यांना? इथं आई राहते माझी. घरावर दगड येतील!"

"माझ्या यादिरानं शाळा सोडलीय," लेओ म्हणाला. आवाज चढला नाही, त्यानंच जास्त भीती वाटली. "पोरांनी तिच्या बाकावर चाळणी ठेवली. खरी, स्वयंपाकघरातली. ती मला विचारते, बाबा, तुम्ही मुद्दाम सोडलात का? मी पिचरचं नाव घेतलं नाही. कॅचर घेत नसतो. पण त्याची भरपाई म्हणून तू मला भीक घालणार असशील, तर ती मला नको. बाईंना फोन कर, अट मागं घे. बाकी तुझ्या तोंडाचं तू बघ."

"अट मागं घेतली तर तुला काढतील, लेओ."

"काढू दे."

तो वळला. दारिएल मागून दोनदा "म्हाताऱ्या" म्हणून हाका मारत आला, फाटकापाशी थांबला.

दुसऱ्या दिवशी काहीच घडलं नाही. त्यानंतरही नाही. मला वाटलं, पोरगा गप्पच बसणार. मग एका दुपारी, सगळं गाव जेवत असताना, दारिएल रेडिओवर आला. चाचरत, थांबत सगळं बोलला. "खूण लेओनं बरोबर दिली होती, चूक माझी." मध्येच त्याला रडू फुटलं तेव्हा निवेदकानं जाहिरात लावली.

संध्याकाळी दारिएलच्या दारावर कुणीतरी माशांची आतडी फेकली. लेओच्या दारात लुर्देस आली, केळ्यांची पुडी घेऊन. नुरिसनं पुडी घेतली, पण तिला आत बोलावलं नाही.

बाईंनी लेओला बोलावून घेतलं. मी सोबत होतो.

"त्या चेंडूची मी तुझी माफी मागते," बाई म्हणाल्या. "मालकही मागतील, त्यांना मी मागायला लावीन. तो चेंडू तुझा नव्हता."

"ठीक आहे, बाई."

"पण चोरलेले बेस तुझेच होते, लेओ."

लेओनं बसल्या बसल्या उजवा पाय सरळ केला, हळूहळू, दोन्ही हातांनी धरून.

"हो," तो म्हणाला. "ते माझेच."

"दारिएलनं अट मागं घेतलीय. रोनिएलला मी आणतेय. त्याला शिकवायला थांबशील?"

"आत्ता विचारू नका."

"बरं. नाही विचारत."

बाहेर दोन-चार लोक जमले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. लेओनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पुढच्या हंगामात रोनिएल आला, चांगला खेळला. लेओ त्याला शिकवायला आला नाही. तो मामेभावाच्या होडीवर मासेमारीला जायला लागला आणि त्याचं वजन वाढलं. दारिएल मैदानात उतरला की आमचेच काही लोक ओरडायचे, मग त्यानं पाच-सहा सामने मिटवले आणि ते ओरडायचे थांबले.

यादिराला पंधरा वर्षं पूर्ण झाली, आमच्याकडे मुलीचा हा वाढदिवस सगळ्यांत मोठा; तेव्हा अंगणात मोठं जेवण होतं, बोकड कापला होता. दारिएल न बोलावता आला. हातात भेट घेऊन फाटकाबाहेर उभा राहिला, आत येईना. नुरिसनं लेओकडे बघितलं. लेओ लंगडत फाटकापर्यंत गेला. मी जवळच होतो.

"किती वेळ झाला उभा आहेस?" त्यानं विचारलं.

"बराच."

"मूर्खच आहेस," लेओ म्हणाला आणि कडी काढली. "चल, बोकड संपत आलाय."