चालीवर आलेले बोल

सुंदरराव आष्टीत गाणं शिकवायचे. घराच्या पुढच्या खोलीत पेटी, तबल्याची जोडी आणि एक सतरंजी, एवढाच क्लास. कुणाला परीक्षेपुरता राग हवा असायचा, कुणाला नाट्यपद, कुणाला कालच मोबाईलवर ऐकलेलं गाणं. सुंदरराव कुणाला नाही म्हणायचे नाहीत. मोबाईलवरचं गाणं ते आधी शब्द काढून नुसतं सरगममध्ये गाऊन घ्यायचे. मग त्याच सुरांतली जुनी बंदिश म्हणून दाखवायचे, मग त्याच सुरांतलं एखादं भजन.

"कापडं बदलली, मानूस त्योच," म्हणायचे. "चाल वळखा आधी. शब्द काय, येत्यात मागनं."

कार्तिकात एका सकाळी धनश्री नावाच्या मुलीला ते भूप शिकवत होते. गाता गाता त्यांचा उजवा हात पेटीवरून घसरला आणि तोंड वाकडं झालं. धनश्री किंचाळत आत गेली. बायको छबुबाई आणि सून योगिता धावल्या, शेजाऱ्याच्या गाडीत घालून त्यांना बीडला नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत गुठळी झाली होती, वेळेवर आणलंत. जीव वाचला. हातही हळूहळू उचलू लागला. बोलणं मात्र गेलं.

एकच शब्द उरला होता, 'तेवढं'. पाणी हवं असलं तरी तेवढं, नको असलं तरी तेवढं. समोरच्याचं सगळं कळायचं, पण सांगायला जावं तर तोंडातून तोच शब्द बाहेर पडायचा आणि तो ऐकून त्यांनाच राग यायचा. "तेवढं! तेवढं!" म्हणत ते डाव्या हाताने खाट बडवायचे. मुलगा पुण्यात नोकरीला होता. तो रोज फोन करायचा, पण सुंदरराव फोन कानाला लावू द्यायचे नाहीत.

बीडला बोलण्याचे व्यायाम घेणारी अलमास नावाची तरुण मुलगी होती. तिने सुंदररावांना दोन-तीनदा तपासलं आणि छबुबाईंना बाजूला घेतलं.

"आजी, आजोबा गायचे ना? डोक्यातली बोलायची वाट आणि गायची वाट अगदी एक नसते. त्यांची बोलायची वाट खचलीय. गायची शाबूत असेल. घरी चालीवर बोलून बघा. घाई करू नका, आणि चिडू तर मुळीच नका."

घरी आल्यावर योगिताने इसाकभाईंना निरोप धाडला. इसाकभाईंचं बसस्टँडजवळ फळांचं दुकान. सुंदररावांच्या भजनाला अर्धं आयुष्य त्यांनीच तबला धरलेला. ते आले आणि डग्गा मांडीजवळ ओढून त्यांनी ठेका सुरू केला. योगिताने पेटीवर सुंदररावांचा नेहमीचा अभंग धरला.

सुंदररावांनी डोळे मिटले. ओठ हलले. आणि अख्खा अभंग बाहेर आला, शब्दन् शब्द स्पष्ट, कुठेही न अडखळता.

"या अल्ला!" इसाकभाईंचा हात तबल्यावरच थांबला. "बोलला! सुंदरराव बोलला!"

छबुबाई पदराने डोळे पुसत होत्या. योगिता वाकून म्हणाली, "मामा, पाणी देऊ का?"

सुंदररावांनी तोंड उघडलं. "तेवढं," म्हणाले.

मग पंधरवडाभर तेच चाललं. गवळण लावली, गवळण आली. नाट्यपद लावलं, तानेसकट नाट्यपद आलं. लहानपणी तंबूत पाहिलेल्या सिनेमातलं गाणंसुद्धा आलं. पण प्रत्येक चाल आपलेच शब्द घेऊन यायची. योगिता अभंगाच्या चालीत 'पाणी द्या मला' म्हणून दाखवायची. सुंदरराव सुरुवात करायचे, आणि दुसऱ्या सुरालाच अभंगाचे जुने शब्द आत घुसायचे. जन्मभर एकत्र राहिलेली चाल आणि शब्द, आता काही केल्या सुटे होईनात. एके दिवशी त्यांनी पेटीचा भाता मुठीने दाबून बंद केला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यानंतर गायलेच नाहीत.

"आत्या, आता कसं करायचं?" योगिताने विचारलं.

"मला काय ठावं, बाई," छबुबाई म्हणाल्या. त्यांनी सूप घेतलं आणि नवऱ्याच्या खाटेजवळ ज्वारी पाखडत बसल्या.

छबुबाईंना क्लासमधलं गाणं येत नव्हतं. माहेरी आईबरोबर जात्यावर बसून शिकलेली ओवी तेवढी यायची. लग्न झाल्यावर नव्या घरात त्यांनी एकदा ती म्हटली, तेव्हा सुंदरराव हसले होते. "ह्याला चाल म्हनत्यात व्हय? सूर तीन, आन रडगानं मोप." तेव्हापासून त्या ओवी म्हणायच्या ती नवरा घरात नसताना.

त्या दुपारी त्यांना वाटलं, ह्यांचा डोळा लागलाय. सुपाच्या लयीत आपोआप ओठ हलले आणि मनात होतं तेच ओवीत आलं,

"पानी प्यायाला देते, तांब्या ठेवते उशाशी
बोला माझ्या धनी, एक शबुद मपल्याशी"

खाट करकरली. सुंदरराव कुशीवर वळले होते. छबुबाईंनी ओशाळून सूप थांबवलं. सुंदररावांनी डावा हात हलवला, चालू दे, अशी खूण केली. छबुबाईंनी पुन्हा सुरुवात केली, या वेळी जरा भीत भीत. दुसरी ओळ संपली तसा सुंदररावांचा घोगरा आवाज त्याच तीन सुरांवर चढला,

"पानी... न्हको मला... च्या... दे... गं..."

छबुबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं. ज्वारी घरभर झाली. "योगिता!" त्यांनी हाक मारली. "अगं, धाव! च्या मागत्यात! त्यास्नी च्या पायजे!"

योगिता धावत आली. सुंदरराव रडत होते आणि रडता रडता पुन्हा म्हणत होते, "च्या... दे गं..." मध्येच थांबून त्यांनी जोडलं, "साखर... लई..."

"साखर न्हाई मिळायची," छबुबाई रडत रडत हसल्या. "डाक्टरनं सांगितलंय."

संध्याकाळी योगिताने अलमासला फोन लावला. सगळं ऐकून तिने फोन छबुबाईंना द्यायला लावला आणि विचारलं, "आजी, त्या चालीला ठरलेले शब्द नसतात का?"

"न्हाईत की. ज्याचं त्यानं घालायचं. भाऊ आला तर भाऊ, सासू बोलली तर सासू. आमी रोज नवं घालायचो."

"मग तीच धरा," अलमास म्हणाली, आणि तिचा आवाजही आनंदाने चढला होता. "भरलेल्या गाण्यात त्यांना जागा सापडत नव्हती. ह्यात मोकळी जागा आहे."

त्या दिवसापासून घर ओवीत बोलू लागलं. सुंदरराव ओवीत आंघोळीचं पाणी मागायचे, ओवीतच भाजी खारट झाली म्हणायचे. पुण्याच्या मुलाने फोन केला तेव्हा त्यांनी तो स्वतः हातात घेतला आणि ओवीतच विचारलं, "जेवलास... का... बाळा..." इसाकभाईंनी तबला जुळवून साथ द्यायचा प्रयत्न केला, पण ओवी ठेक्यात बसेना. शेवटी ते तबला सरकवून म्हणाले, "हिच्या मागं पळायला जमत न्हाई बे. तुमीच गा, मी ऐकतो."

एकदा सुंदररावांनी छबुबाईंना जवळ बसवलं. नीट जुळवायला त्यांना वेळ लागला.

"तुजं... गानं... शिकीव... मला..."

छबुबाईंनी आईची एक ओवी काढली. सुंदरराव मागून म्हणू लागले आणि सवयीने शेवटच्या सुरावर त्यांनी एक सुरेख मुरकी घेतली.

"मुरकी नगं," छबुबाई म्हणाल्या. "सरळ म्हना."

त्यांनी मान डोलावली आणि सरळ म्हटली.

माघात अलमासने पुन्हा बोलावलं. योगिता शेताच्या कामात होती, म्हणून दोघंच निघाले. एसटीत गर्दी नव्हती. कंडक्टर जवळ आला तेव्हा छबुबाई पिशवीत पैसे शोधत होत्या. "कुठं?" त्याने विचारलं. छबुबाईंनी घाबरून वर पाहिलं, पण त्याआधीच सुंदररावांनी मांडीवर बोट आपटत, अगदी थोड्या सुरात, सांगून टाकलं होतं,

"दोन अर्धी... बीड."

कंडक्टरला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याने मशीनमधून तिकिटं काढून त्यांच्या हातात दिली आणि पुढच्या सीटकडे वळला. छबुबाईंनी पिशवी मांडीवर ठेवली, पाठ टेकली आणि कित्येक महिन्यांनी बसल्या जागी त्यांना झोप लागली.