ब्रेकवरचा पाय

"काका, सही करा नि गाडी न्या. मागे रांग लागलीय," फोरमन म्हणाला आणि त्याने कागद ह्यांच्यापुढे सरकवला. कागदावर आधीच छापलेलं होतं: ग्राहकाची तक्रार दूर झाली असून ग्राहक समाधानी आहे. ह्यांनी पेन घेतलं, वाचलं आणि पेन परत टेबलावर ठेवलं.

"पण दूर झालेली नाहीये," हे म्हणाले.

फोरमन वाईट माणूस नव्हता, उगाच खोटं का बोलू. त्याने ह्यांना शेजारी बसवून आणखी एक फेरी मारून आणली, सपाट रस्त्यावरून, रिकाम्या गाडीने. ब्रेक लागला. लागणारच. आमची तक्रार भरलेल्या गाडीची होती. पाठीवर माल असला आणि उतार लागला की कधीतरी, दहातून एकदा, ब्रेकचं पेडल दाबत दाबत तळाला जायचं आणि गाडी आपली चालतच राहायची. दोनतीनदा दाबलं की मग पकडायची. आणि वर्कशॉपचा नियम असा, की भरलेली गाडी आत घ्यायची नाही. पोट दुखतंय म्हणून जावं आणि डॉक्टरने कान तपासून पाठवावं, त्यातली गत. सहा महिने झाले होते नवी पिकअप घेऊन आणि ही आमची सातवी खेप होती.

आम्ही काचा पोचवतो. खिडक्यांच्या, कपाटांच्या, दुकानांच्या. हे चालवायचे आणि मी शेजारी बसायचे, पण तोंड मागे करून. खड्डा आला, उतार आला की मागच्या छोट्या खिडकीतून काचांवर नजर ठेवायची, दोरी सैल झालेली दिसली की 'थांबा' म्हणायचं, हे माझं काम. सव्वीस वर्षं आमचा संसार असाच चालला, ह्यांचं तोंड पुढे आणि माझं मागे. भांडणंसुद्धा आम्ही एकमेकांकडे न बघताच केली. जुन्या गाडीने सव्वीस वर्षांत कुणाला साधं खरचटलं नाही. बाजारात ह्यांना काचवाले म्हणत आणि काचवाल्यांच्या गाडीत भरलेला पेला ठेवला तरी सांडत नाही, असं लोक हसत हसत सांगायचे. जुनी गाडी थकली. नवीची हौस ह्यांच्यापेक्षा मलाच जास्त होती.

सही केल्याशिवाय फाटकावरचा माणूस गाडी बाहेर सोडत नसे. तिकडे गिऱ्हाइकं खोळंबलेली, रिकाम्या चौकटीला प्लास्टिक लावून बसलेली. "अहो, करा एकदाची सही," मी म्हणाले. "कागदाला काय होतंय." सातही वेळा मीच म्हणाले. सातही वेळा ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सही केली. ते शब्द माझे आहेत, दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारता येत नाहीत.

निघताना फोरमनने मला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, की काकू, वयाने पायातला जोर कमी होतो, माणसाला कळत नाही. मी सरळ गाडीत जाऊन बसले. पण घरी जेवायला वाढताना माझ्या तोंडून गेलंच, की एकदा गुडघा डॉक्टरला दाखवता का. हे जेवता जेवता थांबले. वाटलं, आता चिडतील, चिडले असते तर बरं झालं असतं. "दाखवतो," म्हणाले. आणि खरंच दाखवून आले. डॉक्टरने गुडघा ठणठणीत असल्याचं सांगितलं, तरी त्या दिवसापासून हे चालताना आपल्याच उजव्या पायाकडे बघू लागले.

मग नऊ दिवस त्यांनी गाडीत माल भरला नाही. दहाव्या दिवशी शाळेच्या बाईंचा फोन आला, परीक्षा तोंडावर आहे, वर्गात वारा शिरतोय, काचा कधी आणताय. हे नको म्हणत होते. मीच मागे लागले. अर्ध्याच नेऊ, हळू जाऊ, पहिल्या गिअरमध्ये उतरू. त्यांनी अर्ध्या काचा भरल्या, दोऱ्या दोनदा आवळल्या आणि गाडी सुरू केली.

सकाळचे अकरा वाजले होते. काचांच्या गोदामाकडून उतरणारा रस्ता खाली बसथांब्यापाशी संपतो आणि थांब्यावर माणसं होती. मी नेहमीप्रमाणे मागे वळून काचा बघत होते. ह्यांचा आवाज आला, "धर घट्ट." तेवढाच. हँडब्रेक ओढल्याची करकर ऐकू आली आणि मग गाडी वळली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दगडी भिंती होत्या, ह्यांनी गाडी आपल्या बाजूच्या भिंतीवर घातली. माझ्या बाजूने घातली असती तरी थांबलीच असती. काचा पुढे आल्या त्या ह्यांच्याच बाजूने आल्या.

थांब्यावरच्या कुणाला काही झालं नाही. मला मनगटाला सहा टाके. ह्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली राहिला नाही.

घरी आणल्यावर पंधरवड्याने गाडीच्या कंपनीचा चौकशी अधिकारी आला. मऊ बोलणारा, बूट दाराबाहेर काढून आत आलेला. त्याने सांगितलं, की गाडीचा पुढचा भाग पार चुरा झालाय, ब्रेकचं काय झालं होतं ते आता कळायला मार्ग नाही, आणि दोष गाडीचा ठरला नाही तर भरपाई मिळणार नाही. मग त्याने सात कागद पलंगावर एकाशेजारी एक मांडले. प्रत्येकावर ह्यांची सही, सावकाश केलेली, शेवटच्या अक्षराखाली रेघ ओढलेली.

"बाई, तुम्ही शेजारी होतात," अधिकारी म्हणाला. "यांचा पाय कुठे होता?"

"ब्रेकवर," मी म्हणाले. "दाबून धरला होता. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

तो लिहायला लागला. मला लाज वाटत नव्हती. सात वेळा खरं सोडून सही करायला लावली होती, आठव्यांदा त्यांच्यासाठी खोटं बोलले तर काय बिघडलं?

"तिने नाही बघितलं," हे म्हणाले.

अधिकाऱ्याचं पेन थांबलं.

"ती मागे बघत होती. काचा तिच्याकडे असतात."

मी "अहो" म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. अधिकाऱ्याने लिहिलेली ओळ खोडली आणि विचारलं, मग तुम्हीच सांगा, पाय कुठे होता. हे म्हणाले, ब्रेकवर. खात्री आहे? त्यावर त्यांनी पलंगावरच्या सातांपैकी एक कागद उचलला, आपलीच सही बघितली आणि तो परत जागेवर ठेवला.

"तेव्हा होती," हे म्हणाले. "सहा महिने सगळे सांगताहेत, ब्रेक चांगला आहे. डोळे मिटले की कधी पाय ब्रेकवर दिसतो, कधी दिसत नाही. आता खात्री नाही साहेब."

अधिकाऱ्याने एवढं सगळं लिहिलं नाही. 'खात्री नाही' एवढंच लिहिलं, ह्यांना वाचून दाखवलं आणि कागद पुढे केला. ह्यांनी सही केली. या वेळी मी काही म्हणाले नव्हते.

तो गेल्यावर मी खूप बोलले. खरं बोलायची हौस आत्ताच कशी आली, म्हणाले. पुढे काय खायचं, म्हणाले. तुमच्याशी लग्न करून मी काय मिळवलं इथपर्यंत गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दमलीस. बस जरा."

खोलीत एकच खुर्ची, तिच्यावर औषधं आणि बँडेजचा पसारा. पलंग अरुंद, एका माणसाचा. पण पायथ्याशी उजव्या बाजूला आता जागा होती. मी तिथे बसले.