अठ्ठावीस जणांचा श्वास

आखाती युद्धात रियाधवर क्षेपणास्त्रं पडायला लागली, तेव्हा कंपनीने कॅम्पात गॅसचे मास्क वाटले. माणसं चाळीस, मास्क बारा. बाराही साहेबलोकांना. नाकं तेवढी त्यांनाच होती म्हणायची!

पाइपफिटर गुणाजीने त्यावर विनोद रचला. कुणीतरी साहेबांना विचारतं, विषारी वायू सुटला तर उरलेल्या अठ्ठावीस जणांनी काय करायचं? साहेब म्हणतात, श्वास घ्यायचा, पण ड्युटी संपल्यावर.

आधी वाक्य होतं, 'ड्युटी संपल्यावर श्वास घ्यायचा.' हशा अर्धाच यायचा. पाइपांना आटे पाडता पाडता गुणाजीने ते चार दिवस तोंडात घोळवलं. हसवणारा शब्द शेवटी हवा, मागे शेपूट नको. शुक्रवारी मेसमध्ये नवं वाक्य टाकलं, आणि सायरनच्या धास्तीने घास न उतरणारी माणसं ताटं बडवत हसली.

कॅम्पात रीत होती : ज्याचा विनोद, शेवट त्याच्याच तोंडून. त्या रीतीनेच घात केला. दापोलीकडचा फोरमन जलाल शनिवारी मुदीरला, म्हणजे मॅनेजरला, कौतुकाने विनोद सांगायला गेला. अर्धा सांगितला आणि म्हणाला, शेवट गुणाजीकडूनच ऐका.

गुणाजीला बोलावणं आलं. टेबलावर त्याचाच सुट्टीचा अर्ज. त्यावर मुदीरची सही नाही तर कंपनीने ठेवून घेतलेला पासपोर्ट नाही, आणि या मरणातून सुटका नाही.

"माझं चुकलं रे," जलाल मराठीत पुटपुटला. "शेवट बदल मेल्या. हात जोडतो."

"काय बोलू, जलालभाय?"

"काहीपण बोल. पाळीपाळीने श्वास घ्या, म्हण."

मुदीर कामगारांना हाकून हाकून हिंदी शिकलेला. "सुनाओ," तो म्हणाला.

गुणाजीने सुरुवात केली. 'पाळीपाळीने' म्हणायला त्याने तोंड उघडलं. पण चार दिवस घासलेलं वाक्य जिभेवर गुळगुळीत होऊन बसलेलं. भीतीने जीभ सुटली आणि तेच घरंगळलं.

"साँस लेना, मगर ड्यूटी खतम होने के बाद."



मुदीर हसला नाही. त्याने विचारलं, "और तेरी ड्यूटी कब खतम?"

गुणाजीने अर्जाकडे पाहिलं.

"जंग के बाद." मुदीरने अर्ज खणात टाकला आणि खण लावून घेतला. मग दोघांच्या तोंडांकडे बघत थांबला.

जलाल हसला. मोठ्याने हसला. गुणाजीनेही दात दाखवले.