दीड इंच खाली

धुळ्यात देवपूरला हिलाल महाजनचं गॅरेज आहे. इंजिनाचं काम तो घेत नाही. फक्त गाडीच्या खालचं काम: स्प्रिंग, शॉकअप, बुश. बावीस वर्षं हेच केल्यामुळे गाडी गल्लीत वळली की कुठला कोपरा गेलाय ते त्याला आवाजावरून कळतं. राजदीप बिऱ्हाडे त्याच्याकडे पहिल्यांदा आला तो ऑगस्टमधल्या एका बुधवारी, आणि त्याच्या गाडीच्या आवाजात काहीच खोट नव्हती.

राजदीप देवपुरातल्याच एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होता. घर जळगावला. गाडी त्याच्या वडिलांच्या नावावर. भाईदास बिऱ्हाडे एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी ती घेतली होती. पण म्हातारा-म्हातारीला रोज कुठं जायचंय, म्हणून ती धुळ्याला मुलाकडेच असायची. राजदीपनं डिकीतून एक खोकं काढून हिलालपुढे ठेवलं. आत लाल रंगाच्या चार आखूड स्प्रिंगा होत्या. गाडी दीड इंच खाली बसवायची होती. रविवारी नाशिकला अशा सजवलेल्या गाड्यांचा मेळावा होता आणि त्याला त्यात जायचं होतं.

हिलालनं एक स्प्रिंग हातात घेऊन पाहिली. माल चांगला होता. त्यानं विचारलं, शॉकअप कुठले आणलेत? राजदीप म्हणाला, शॉकअप तर गाडीला आहेतच की.

मग हिलालनं एक जुना शॉकअप आणून त्याला समजावून सांगितलं. गाडी खाली बसली की शॉकअपचा दांडा कायमचा आत दबलेला राहतो. हलायला जागाच उरत नाही, आणि जरा मोठा खड्डा आला की तो थेट तळाच्या रबरावर आपटतो. दुसरं म्हणजे ही आखूड स्प्रिंग जुनीपेक्षा कडक असते. दबली की जोरात उसळते. ती उसळी धरून ठेवणं हे शॉकअपचं काम; पण कंपनीचा शॉकअप मऊ स्प्रिंगेच्या हिशेबानं भरलेला असतो, त्याला ही उसळी धरवत नाही. म्हणून आखूड बॉडीचा आणि परत येताना जास्त जोर धरणारा शॉकअप लागतो, आणि तोही याच स्प्रिंगेशी जुळवून घेतलेला. स्प्रिंग किती किलोला किती दबते ते बनवणाऱ्याला विचारून मग पुण्याहून मागवावा लागेल. वेळ लागेल.

राजदीपनं सगळं नीट ऐकून घेतलं. आता स्प्रिंगा टाका, शॉकअप मागवा, आले की बसवू, असं त्याचं म्हणणं पडलं. हिलाल नाही म्हणाला. गुरुवारी राजदीप पुन्हा आला, पाऊण तास बसला. उर्मट नव्हता तो. भाऊ, भाऊ करून बोलायचा, हिलालच्या मुलीला बारावीच्या प्रात्यक्षिकात मदत करीन म्हणाला. शुक्रवारी दुपारी हिलालनं गाडी जॅकवर घेतली.

असं का केलं, हे पुढे त्यानं स्वतःला कितीदा तरी विचारलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. पोरगा चांगलं बोलत होता, एवढंच. आणि खरं सांगायचं तर जॅकवरून गाडी खाली आली, चाकांवर अशी घट्ट बसली, तेव्हा तोही दोन पावलं मागं सरून तिच्याकडे बघत राहिला होता. त्यानं बजावून सांगितलं, दोघांच्या वर माणसं बसवू नका, वजन भरू नका, सावकाश चालवा. राजदीप हो म्हणाला.

शॉकअप आले. हिलालनं तीनदा फोन केला. पहिल्यांदा राजदीप म्हणाला, पुढच्या आठवड्यात येतो. दुसऱ्यांदा परीक्षा होत्या. तिसऱ्यांदा त्यानं फोन उचलला नाही. हिलालनं खोकं फळीवर ठेवून दिलं आणि दुसऱ्या कामाला लागला.

नोव्हेंबरच्या सुट्टीत राजदीप गाडी घेऊन जळगावला गेला. आई मंदाबाईला धरणगावला भावाकडे, सुकदेवकडे जायचं होतं. सकाळी भाईदासांनी किल्ली मागितली. राजदीप अंथरुणातच होता. त्यानं टेबलाकडे बोट दाखवलं आणि कूस बदलली. जाताना आईवडील दोघंच होते, तेव्हा काही झालं नाही. परतताना मंदाबाईची थोरली बहीण तानुबाई आणि तिची सून मागं बसल्या, आणि सुकदेवनं डिकीत ज्वारीची दोन पोती टाकली.

दुपारी तीनचा सुमार. वेचणीचे दिवस, रस्त्यावर कापसाच्या ट्रॉल्या. धरणगाव सोडल्यावर एका मोरीच्या अलीकडे रस्ता उंचावतो. गाडी त्या उंचवट्यावरून गेली, मागून धाडकन आपटली आणि उसळली. खाली येऊन टेकते न टेकते तोच दुसऱ्यांदा उसळली. समोरून कापसाची ट्रॉली येत होती. भाईदासांनी स्टिअरिंग डावीकडे घेतलं, तेव्हा मागची चाकं रस्त्यावर नव्हतीच. गाडी फिरली आणि डाव्या अंगानं मोरीच्या कठड्यावर जाऊन आदळली. मंदाबाई पुढे डावीकडे बसल्या होत्या. दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्या गेल्या. तानुबाईचं खुब्याचं हाड मोडलं. भाईदासांना कपाळावर चार टाके पडले, बाकी काही नाही.

पंचनामा झाला. तपासणीत ब्रेक आणि स्टिअरिंग ठीक निघाले. पोलिसांनी विचारलं तेव्हा भाईदासांनी सांगितलं, माझा ताबा सुटला. निष्काळजीपणानं मृत्यू, असा गुन्हा त्यांच्यावर दाखल झाला. फिर्याद सुकदेवची होती. मंदाबाईंच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तो आला, वंदना होईपर्यंत मागं उभा राहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाला की या माणसाला दिसत नाही तर त्यानं गाडीला हात कशाला लावला. भाईदासांनी मान वर केली नाही. अठ्ठावीस वर्षं त्यांनी एसटी चालवली होती, एकाही माणसाला खरचटलं नव्हतं. राजदीप तिथंच खुर्च्या लावत होता.

जानेवारीत तो हिलालच्या गॅरेजवर आला. दाढी वाढलेली. बाकावर बसला आणि जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. गाडी धरणगावला पोलीस ठाण्याच्या आवारात पडून होती. शेवटी म्हणाला, "भाऊ, कोणी विचारलं तर सांगू नका."

हिलालच्या हातात पाना होता, तो त्यानं खाली ठेवला. कोण विचारणार, असं काहीतरी तो बोलला. राजदीप गेल्यावर त्यानं शटर ओढलं. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं तर पित्त झालंय म्हणाला.

चार दिवसांनी तो धरणगावला गेला आणि ओळखीच्या हवालदाराला विचारून गाडीखाली वाकला. मागचे दोन्ही शॉकअप तेलानं माखलेले होते आणि तेलावर धूळ बसून काळा थर झाला होता. म्हणजे ते त्या दिवशी फुटले नव्हते, महिना-दीड महिना आधीच संपले होते. आतलं रबर चेपून चुरा झालेलं. त्यानं बोटानं ते खरवडून पाहिलं. आपणच बसवलेल्या लाल स्प्रिंगा मात्र शाबूत होत्या. तिथून तो तसाच जळगावच्या बसमध्ये बसला.

दार वृषालीनं उघडलं. ही राजदीपची धाकटी बहीण, बँकेत नोकरीला. आई गेल्यापासून स्वयंपाकपाणी, वडिलांचं औषध, वकिलाकडच्या फेऱ्या, सगळं तीच बघत होती. हिलालनं जय भीम घातला, आपण कोण ते सांगितलं. भाईदास आतल्या खोलीत पलंगावर बसले होते. हिलाल समोरच्या स्टुलावर टेकला आणि थांबलं तर पुढे बोलवणार नाही म्हणून एका दमात सगळं सांगून टाकलं. स्प्रिंगा, जुने शॉकअप, आपण दिलेला होकार, आज पाहिलेलं तेल. म्हणाला, आबा, तुमची चूक नव्हती. ती गाडी कोणालाच धरवली नसती.

वृषाली दाराशी उभी होती. तिनं हळूच विचारलं, "राजूला माहीत होतं हे?"

मग भाईदासच बोलले. ते शहरात एरवी शुद्ध बोलत, पण आता घरची बोली आली.

"माले माहीत व्हतं," ते म्हणाले. "पयल्या उडीलेच समजनं."

वृषालीला कळेना. ते तिच्याकडे न बघता सांगत राहिले. गाडी आपटली तेव्हाच त्यांना कळलं होतं की खाली काही उरलेलं नाही. दवाखान्यातून आल्यावर राजदीपनं त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यावरून बाकीचंही कळलं. मुलाचं नाव येऊ नये म्हणूनच ते पोलिसांसमोर तसं बोलले.

"मंग काय करू? पोऱ्यानं नाव सांगू?"

मग भाईदासांनी विचारलं, कुठले शॉकअप टाकायला हवे होते? त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. हिलालनं सांगितलं: आखूड बॉडीचे, गॅसचे, परतीचा जोर स्प्रिंगेइतका. माझ्याकडे फळीवर आहेत. किती दिवसांत आले होते, त्यांनी विचारलं. बारा, हिलाल म्हणाला. भाईदासांनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

हिलालला वाटलं होतं, सांगितल्यावर म्हाताऱ्याच्या मनावरचं ओझं उतरेल. पण बाहेर आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, उतरलं ते त्याचं स्वतःचं, आणि तेही थोडंसंच. वृषाली फाटकापर्यंत आली. तिनं एवढंच विचारलं, तुम्ही हे लिहून द्याल का? तो हो म्हणाला.

त्याच संध्याकाळी तिनं भावाला फोन केला. काय बोलणं झालं ते हिलालला कधी कळलं नाही. राजदीप दुसऱ्या दिवशी धरणगावला मामाकडे गेला आणि त्यानं आपल्या तोंडानं सगळं कबूल केलं. सुकदेवनं त्याला मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त पाणी विचारलं नाही आणि दार लावून घेतलं. वृषालीनं त्यानंतर राजदीपशी बोलणं टाकलं. धुळ्याची नोकरी सोडून तो बोदवडला एका दुकानात लागला. सुट्टीला घरी येतो. ती त्याचं ताट वाढते आणि आत निघून जाते.

खटला मात्र थांबला नाही. वकिलानं सांगितलं, गाडी चालवणारा तोच आरोपी. बाकी सगळं बचावात मांडता येईल. धरणगावच्या कोर्टात हिलालची साक्ष झाली. समोरच्या वकिलानं विचारलं, धोका आहे हे माहीत असून तुम्ही स्प्रिंगा का बसवल्या? तो म्हणाला, मागितल्या म्हणून. कोर्टात कोणीतरी हसलं. न्यायाधीशांनी उत्तर लिहून घेतलं. राजदीपचीही साक्ष झाली. त्याचा आवाज इतका खाली गेला होता की त्याला दोनदा पुन्हा बोलायला सांगावं लागलं.

शेवटी भाईदासांना विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय? वकिलानं त्यांना काय बोलायचं ते पढवलं होतं. ते उठले, टोपी हातात घेतली.

"गाडी माझ्या हातात होती," ते म्हणाले आणि बसले.

निकाल पुढच्या महिन्यात लागायचा होता. सगळे बाहेर आले. उन्हं कडक होती. राजदीप कोर्टाच्या फाटकाशी उभा होता. भाईदास त्याच्या अंगावरून गेले आणि बसस्टँडच्या रस्त्याला लागले. राजदीप वीसेक पावलं मागं राहून त्यांच्यामागं चालू लागला. हिलाललाही स्टँडवरच जायचं होतं, म्हणून तो दोघांच्या मागं.

जळगावची बस लागलेली होती. ड्रायव्हरनं भाईदासांना ओळखलं, खाली उतरून हात धरून चढवलं. ते खिडकीशी बसले. मागून राजदीप चढला. शेजारची जागा रिकामी होती, पुढच्याही दोन-तीन रिकाम्या होत्या. तो वडिलांच्या सीटशी दांडा धरून उभा राहिला. भाईदास बाहेर बघत होते. बस सुटली तरी तो बसला नाही.

हिलालनं ती वळेपर्यंत पाहिली. मग चौकशीच्या खिडकीवर जाऊन धुळ्याची बस किती वाजता आहे ते विचारलं.